इंजिनात राहिलेलं फडकं

लग्नाला दुसरं वर्ष लागलं तेव्हा मी एका निवृत्त वनरक्षकाची जुनी मोटरसायकल विकत घेतली. मी सरकारी कचेरीत यंत्रांचे नकाशे काढायचो. कागदावरची यंत्रं कळतात तर इंजिनही कळेल, असा माझा समज. उन्हाळ्यात बाहेरच्या खोलीत बसून मी ते खोललं, पुसलं, पुन्हा जोडलं. सुरू झालं तेव्हा लोकांनी पाहावं म्हणून वस्तीत दोन चकरा मारल्या.

तिसऱ्या आठवड्यात बायकोला तिच्या माहेरी, कुहीकडे घेऊन निघालो. अर्ध्या वाटेवर आतून ठकठक सुरू झाली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग मागचं चाक एकाएकी जाम झालं आणि आम्ही फरपटत थांबलो. पडलो नाही, एवढंच. विटांच्या रिकाम्या ट्रकमध्ये गाडी टाकून परत आलो.

वस्तीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीनं इंजिन उघडलं आणि तेलाच्या बारीक वाटेतून सुईनं एक काळा गुंता ओढून काढला.

"हे तुमच्याच फडक्याचं सूत," तो म्हणाला.

वाट बुजली, तेल पोचलं नाही आणि बेअरिंग जळालं. त्यानं नवं बेअरिंग बसवून दिलं. बाकीची जुळणी मी हट्टानं पुन्हा घरीच करायला घेतली.

बायको रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. डॉक्टरच्या हातात हत्यारं देणं एवढंच तिचं काम, असं मी धरून चाललो होतो. त्या रविवारी ती दारात उभी राहून माझा पसारा बघत होती. वर पंखा फिरत होता, खिडकीतून धूळ येत होती आणि सगळे भाग वर्तमानपत्रावर उघडे पडले होते.

"उघड्या पोटावर आम्ही पंखा लावत नाही," ती म्हणाली. "तुम्ही काहून लावून राहिले?"

तिनं पंखा बंद केला, खिडकी लावली, फरशी ओली पुसली. जुनी मलमलची साडी उकळून तिचे तुकडे केले, सुटे धागे काढून टाकले. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये धुवायचा, तेलाच्या वाटांत सायकलच्या पंपानं हवा मारायची, मग परातीत झाकून ठेवायचा. जमिनीला हात लागला की पुन्हा साबणानं धुवायचा. मे महिन्यात, बंद खोलीत. मी चिडलो होतो, पण ते सूत माझ्याच फडक्याचं होतं.

पिस्टन बसवताना काही आत पडू नये म्हणून इंजिनाच्या खालच्या उघड्या तोंडात फडकी कोंबली. पिस्टन बसला. मी फडकं काढलं आणि वरून सिलिंडर उतरवायला घेतला.

"थांबा. दोन आत गेले होते, एकच बाहेर आलं."

असेल इथंच कुठं, मी म्हणालो. सिलिंडर जड होता, घाम डोळ्यांत उतरत होता.

"नाही. मी मोजले."

तिनं बॅटरीचा उजेड आत धरला. इंजिनातल्या चाकाच्या कडेनं खाली सरकलेला मलमलचा तुकडा दिसला. चिमट्यानं मी तो बाहेर काढला.

असं दवाखान्यात कधी झालं का, मी विचारलं. तिनं सांगितलं, झालं होतं, आपलं लग्न नवं होतं तेव्हा. रक्त टिपायची एक पट्टी कमी आहे, असं तिनं म्हटल्यावर मोठे डॉक्टर तिच्यावर ओरडले. ती हटली नाही. टाके उसवावे लागले आणि पट्टी आतच सापडली. त्या दिवशी तिला यायला उशीर झाला होता.

"तुम्ही विचारलं होतं, भाकरी केव्हा टाकतेस म्हणून."

मला ते आठवलं नाही. न आठवणं जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जुळणी पूर्ण झाली. चौथ्या किकला इंजिन लागलं, आवाज साफ होता. ती रात्रपाळी करून आत झोपली होती. मी ते लगेच बंद केलं, गाडी ढकलत कोपऱ्यावरच्या कडुनिंबापर्यंत नेली आणि तिथं पुन्हा सुरू केली.