नाखव्याच्या बोटीची चाळणी

तापमानाचा काटा तिसऱ्यांदा लाल पट्टीत गेला, तेव्हा हरेश्वर नाखव्याने इंजिनाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. त्या नजरेने सहा सिलिंडर वितळले असते. मी मालवणकडचा असल्यामुळे फक्त घामाघूम झालो.

"मिस्त्री, बंद कर. पेटंल ती."

मी इंजिन बंद केलं. वेसाव्याच्या खाडीच्या मधोमध, आठ दिवसांपूर्वी पाण्यात उतरलेली, नवीकोरी रंगवलेली बोट झुलत राहिली. एक्झॉस्टमधून वाफ अशी उसळली होती की सांताक्रूझला उतरणाऱ्या विमानाने एक घिरटी जास्त घातली, यावर मी आजही पैज लावायला तयार आहे. दोन खलाशांनी वल्ही काढली आणि शंभर घोड्यांचं इंजिन माणसांच्या दंडांवर बंदराला परत आलं. माझ्यासारख्या मेकॅनिकसाठी याहून मोठी शोभा नाही.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी मुलुंडला राहायचो आणि अंधेरीतल्या एका कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होतो. व्हिजिटिंग कार्डावर इंजिनिअर लिहिलेलं असे, बंदरावर सगळे मिस्त्री म्हणत. कंपनी बोटींची डिझेल इंजिनं विकायची आणि विकलेली इंजिनं कुरकुरली की मला पाठवायची. मी आयुष्यात दहा हजार इंजिनं उघडली. जोडताना कधीमधी एखादा नट उरायचा. तो कारखान्याने चुकून जास्त दिलाय असं समजून मी खिशात टाकायचो.

नाखवा म्हणजे बोटीचा मालक. हरेश्वरने त्या उन्हाळ्यात जुनं इंजिन काढून आमचं नवं बसवलं होतं. आता नारळी पौर्णिमा दोन दिवसांवर. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या भरतीला, सगळ्या कोळीवाड्याच्या बोटी बाहेर पडणार. हरेश्वरचे पाच खलाशी रत्नागिरीहून आले होते. त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, "नाखवा, त्या भरतीला तुमची बोट निघाली नाही तर आम्ही शेजारच्या बोटीवर चढणार." ते गेले की नवे खलाशी कुठून आणायचे? तोवर सगळे ठरलेले असतात. म्हणजे हरेश्वरचा पुरा सीझन माझ्या पान्याला लटकत होता.

मोटारीला रेडिएटर असतो, तो वाऱ्याने थंड होतो. बोटीच्या पोटात वारा कुठला? तिथे समुद्राचं पाणीच कामाला लावतात. तळाच्या भोकातून पाणी आत येतं, पंप ते ओढतो, ते इंजिनाची उष्णता घेतं आणि परत बाहेर पडतं. इंजिन गरम होतंय म्हणजे या वाटेत कुठेतरी गडबड आहे. ऐकायला सोपं. शोधायला, कुर्ल्याच्या गर्दीत हरवलेली चप्पल.

पहिल्या दिवशी पंप उघडला. आत रबराचं फिरतं चाक असतं, त्याला इंपेलर म्हणतात. तो नवा होता, तरी बदलला. ट्रायल घेतली. आरामात चालवलं की काटा हिरव्या पट्टीत गुपचूप बसायचा. फुल स्पीड दिला की दहा मिनिटांत लाल.

दुसऱ्या दिवशी कूलर उघडला. त्याच्या नळ्यांतून सळई फिरवली. आत इतकी स्वच्छता की तिथे बसून जेवावं. शेवटी बर्फाच्या फॅक्टरीतून देसाईसाहेबांना फोन केला. हे माझे बॉस. त्यांना इंजिनाचं सगळं ज्ञान होतं, फक्त इंजिनाचा स्पर्श होऊन बारा वर्षं झाली होती.

"थर्मोस्टॅट बघितलास?"

"काढूनच टाकला, साहेब." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा एक छोटा दरवाजा.

"मग गेज चुकीचा दाखवत असेल."

"साहेब, वाफ पण चुकीची येते काय?"

"तू तपास रे. आणि हे बघ, उद्या संध्याकाळपर्यंत झालं नाही तर मी दुसऱ्याला पाठवतो."

तो दुसरा म्हणजे माझाच ज्युनिअर. त्याच्या नावाचा उच्चारही न करता साहेबांनी माझी झोप उडवली.

तापमानाचा गेज सेन्सरसकट काढून मी बंदरावरच्या चहावाल्याकडे गेलो आणि सेन्सर त्याच्या उकळत्या किटलीत बुडवला. काटा बरोबर शंभरावर. गेज प्रामाणिक होता. चहावाला मात्र पेटला. "अरे यार, डिझेलचा चहा कोण पिणार?" मी म्हटलं, सगळे पिणार. खरंच प्यायले. एका खलाशाने तर आज चहा कडक झालाय असं सर्टिफिकेट दिलं.

तिसरा दिवस पौर्णिमेचा. कोळीवाडा सजला होता, बँड वाजत होता. हरेश्वर जरीची टोपी घालून बंदरावर आला. त्याच्या मागे त्याची आई. गळ्यात एवढं सोनं की त्या वजनाने बोट एका बाजूला कलली असती. वय सत्तर, आवाज भोंग्यासारखा. सगळं बंदर तिला मोठी आय म्हणायचं आणि हरेश्वर तिच्यासमोर एक मापाने बारीक व्हायचा.

"काय रं मिस्त्री, इंजिन चांगला हाय का भंगार?"

"चांगलं आहे, आये."

"मग तू भंगार हाईस."

पाचही खलाशी खदाखदा हसले. मी पाना खाली ठेवला आणि ठरवलं, आज एकही बोल्ट उघडायचा नाही. दोन दिवस उघड-मीट करून काय मिळालं? आज फक्त बघायचं. ही बोट मला हरवते की मी तिला.

"नाखवा, बोट बंदराला घट्ट बांधा. दोन दोर जास्त."

"कशाला?"

"गिअर टाकून फुल स्पीड देणार आहे. बोट जाग्यावर, इंजिनाला पूर्ण ताण."

दोर ताणले गेले. बंदराचा दगड हलून अर्धं वेसावं मढकडे सरकलं, पण मी लक्ष दिलं नाही. मी इंजिनाशेजारी मांडी घातली आणि पाण्याच्या वाटेवर हात फिरवत बसलो. हा पाईप, तो पाईप, पंप, पुन्हा मागे. कुठे गरम, कुठे गार. काटा चढायला लागला. हरेश्वर वरून ओरडला, "बंद कर रं!" मी म्हटलं, "अजून एक मिनिट."

आणि मग दिसलं. तळाच्या भोकापासून पंपापर्यंत जाड रबरी पाईप येतो. स्पीड वाढला की तो पाईप चपटा होत होता. शहाळ्याची मलई स्ट्रॉच्या तोंडाला अडकली तरी आपण ओढत राहतो, तेव्हा स्ट्रॉचे गाल बसतात ना, तसा. स्पीड कमी केला की पुन्हा गोल. म्हणजे पंप जीव खाऊन ओढतोय आणि खालून पाणीच पुरेसं येत नाही. आरामाच्या स्पीडला लागतं तेवढं मिळतंय, फुल स्पीडला उपाशी.

मी इंजिन बंद केलं. "नाखवा, बिघाड आत नाही. बोटीखाली आहे."

"खाली काय हाय? नवा रंग हाय!"

"तळाच्या भोकावर जाळी आहे. कचरा आत जाऊ नये म्हणून. मे महिन्यात मी स्वतः बसवली. चोवीस भोकांची."

बोलता बोलता माझे कान गरम झाले. स्वतः बसवली होती म्हणूनच तीन दिवस तिकडे बघायचं मला सुचलं नव्हतं.

ओहोटी सहाच्या सुमारास पूर्ण लागणार होती. आम्ही थांबलो. मिरवणूक गल्लीतून येत होती आणि पाणी खाडीतून जात होतं. बोट चिखलात टेकून कुशीवर कलली. मी पँट गुडघ्यावर घेतली आणि पोटावर सरपटत तिच्याखाली गेलो. चिखल नाकापर्यंत. मागून हरेश्वर, जरीच्या टोपीसह.

जाळीची जागा मला पाठ होती. तिथे जाळी नव्हती. गुळगुळीत, काळं, चकाकणारं डांबर होतं. मी नखाने खरवडलं. आत कापूस. कापूस आणि डांबर ठासून एकेक भोक बुजवलेलं. चोवीसपैकी चार-पाच भोकांतलं निघून गेलं होतं, त्यावर बोट जगत होती.

"हे कोणी केलं?" मी ओरडलो.

चिखलात पावलं वाजली. मोठी आय नवं लुगडं खोचून, सगळ्या सोन्यासकट बोटीशेजारी येऊन उभी होती.

"मी केला. काय झाला?"

"आये, ही भोकं मुद्दाम ठेवली होती!"

"भोक ठेवतान काय रं कोनी बोटीला? चाळीस वरसां बोटीची भोकां बुजवतंय मी. रंगवाले आंधले. मना दिसली, मी बुजवली. हाताने."

त्या बाईचं काय चुकलं होतं? कोळीवाड्यात पिढ्यान् पिढ्या जी गोष्ट बोट बुडवते, तीच मी तळाला चोवीस वेळा पाडून, कोणाला न सांगता, मुलुंडला निघून गेलो होतो.

"चुकलं माझं, आये. तुम्हाला दाखवायला हवं होतं."

"मग आता दाखव."

मी दाखवलं. पाणी कुठून येतं, कुठे जातं. तिने दोन प्रश्न असे विचारले की देसाईसाहेबांना उत्तर आलं नसतं. मग तिने माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर हिसकावला, "सरक," म्हणाली, आणि उरलेली भोकं स्वतः कोरून काढली. माझ्या दुप्पट वेगाने. ठासताना जे ठाऊक होतं, ते काढतानाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला बोट निघाली. पाचही खलाशी वर होते. मी खाडीच्या तोंडापर्यंत सोबत गेलो. हरेश्वरने पुरा स्पीड दिला. अर्धा तास. काटा हिरव्या पट्टीत असा बसला, जणू कोणी रंगवून ठेवलाय. मला परत सोडायला शेजारची छोटी होडी आली, आणि बोट जी गेली ती मागे न बघता.

ऑफिसात रिपोर्ट लिहायचा होता. बिघाडाची जागा: तळाची जाळी. कारण: मी पेन चावत बसलो. शेवटी लिहिलं, शंख-शेवाळ वाढून भोकं बंद.

देसाईसाहेबांनी चष्मा वर केला. "आठ दिवसांत?"

"वेसाव्याचं पाणी फार सुपीक आहे, साहेब."

साहेबांनी लगेच पत्रक काढलं. वेसाव्याच्या सर्व ग्राहकांनी दर पंधरा दिवसांनी ओहोटीला तळाची जाळी तपासावी, तिथे शंख-शेवाळाची वाढ असाधारण वेगाने होते. नाखव्यांनी ते पत्रक वाचलं, एकमेकांकडे बघितलं आणि जाळ्या तपासल्या. चार बोटींवर डांबर निघालं. ते त्यांनी गुपचूप कोरून काढलं. त्या सीझनला वेसाव्यात आमचं एकही इंजिन तापलं नाही.

तेव्हापासून मी नव्या लोकांना एवढंच सांगतो: रिपोर्टात कारण थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. जागा बरोबर लिहा.