वकील साहिबा आणि माझी दोन मिनिटं

कुमुदताई चिंतलवारांना कुणी काहीही सांगू देत, त्या आधी चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "हे तू पाहिलं, की ऐकलं?" लखनौतल्या आम्हा मूठभर मराठी बायकांची त्यामुळे फार पंचाईत व्हायची. पाहिलेल्या गोष्टी अशा असतात किती? गप्पांची सगळी मजा ऐकलेल्यातच असते. मी मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत नवी नवी आले होते तेव्हा गणपतीच्या आरतीनंतर मी उत्साहाने बातमी फोडली, की आमच्या वरच्या मजल्यावरची बाई नवऱ्याशी भांडून माहेरी गेली. चष्मा वर गेला. "पाहिलं?" म्हटलं, "नाही, ऐकलं." "मग राहू दे. मोदक घे." सगळ्या हसल्या आणि मला असा राग आला म्हणता! घरी जाऊन श्रीकांतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हटलं, ही बाई मला जन्मात आवडायची नाही.

त्या मूळच्या नागपूरच्या. तिशीच्या आत नवरा गेला. मग दिराच्या ओळखीने लखनौला आल्या, इथेच वकिली शिकल्या आणि इथल्याच कोर्टात उभ्या राहिल्या. निशातगंजच्या दुसऱ्या गल्लीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. सुती पांढरं पातळ, त्यावर काळा कोट, पायात रबरी चपला, असं ते ध्यान रोज सकाळी सायकलरिक्षात बसून निघायचं. शेजारपाजारचे सगळे त्यांना वकील साहिबा म्हणत. हिंदी अशी अदबीची बोलायच्या की न्यायाधीशही सावरून बसत असतील, आणि आमच्याशी बोलताना मात्र एकदम "काय करून राहिली गं बाप्पा?" पक्षकारांना त्यांचा एकच मंत्र असे, "सच बताइए, थोड़ा बताइए, और वक़्त पर बताइए." यातलं तिसरं सगळ्यात अवघड, असं त्या म्हणायच्या.

आमच्या मराठी मंडळातल्या बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावरून कुजबुजत. कुमुदताईंनी तो प्रश्न स्वतःच निकालात काढला होता. त्या बोलावण्याची वाट न बघता यायच्या, जिन्याजवळची खुर्ची ओढून वर्तमानपत्र उघडायच्या आणि आत ओरडून सांगायच्या, "मला कुंकू नको, डाळ द्या. वाटीभर." कैरीच्या डाळीवर त्यांचा भारी जीव. सवाष्णी आत गौरीपुढे, आणि या बाहेर डाळ खात बसलेल्या. मला ते बघून आधी अवघडल्यासारखं व्हायचं, नंतर सवय झाली.

आता तो दिवस सांगते. चौऱ्याण्णव किंवा पंचाण्णव साल असेल. चैत्र सरत आला होता आणि लखनौचं ऊन काय असतं ते तिथे राहिलेल्यालाच माहीत. दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आम्ही जुनी मारुती घेतली होती आणि मी गाडी चालवायला शिकले होते. आमच्या मंडळात गाडी चालवणारी मी एकटी, त्यामुळे डोकं जरा हवेतच होतं. त्या दिवशी पाच घरची हळदीकुंकवं होती. माझ्या अडीच वर्षांच्या अमेयला मागच्या सीटवर टाकून मी निघाले. आलमबागेतलं एक घर झालं, पुढची दोन झाली, आणि निशातगंजला परांजपेकाकूंकडे पोचेपर्यंत पोरगं गाढ झोपलं. झोपलेल्या मुलाला उठवायचं नाही, हे आपल्या हाडात भिनलेलं. शिवाय मी तर उभ्या उभ्या जाणार होते. कुंकू लावायचं, की आलेच. गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावली. आदल्याच आठवड्यात बाजारात उघड्या काचेतून माझी पिशवी कुणीतरी लांबवली होती, म्हणून काचा पूर्ण वर घेतल्या आणि कुलूप लावलं.

उभ्या उभ्याचं हळदीकुंकू कधी कुणाचं झालंय का हो? परांजपेकाकूंनी हात धरून बसवलं. पन्हं आलं, डाळ आली, कलिंगडाचं कोरलेलं कमळ बघून झालं. ओटी भरली. मग कुणीतरी म्हणालं, गाडीवालीने नाव घेतल्याशिवाय सोडायचं नाही. मी आधी आढेवेढे घेतले, मग एक सोडून दोन उखाणे घेतले, आणि वर हजरतगंजच्या चौकात ट्रकला कशी बाजू दिली नाही ते साभिनय सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळात मला पोराची आठवण एकदाही झाली नाही.

खाली काच फुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ "चोर! बच्चा चोर!" असा गलका. जिन्याजवळ बसलेल्या कुमुदताई पहिल्या धावल्या. मी पोचले तेव्हा सावली कधीच पलीकडे सरकली होती आणि गाडी उन्हात तापत होती. मागची काच फुटलेली. माझा अमेय कुमुदताईंच्या मांडीवर, लालबुंद, केस घामाने चिकटलेले, मान टाकलेली. ककडीवाल्याच्या ठेल्यावरचं ओलं फडकं त्या त्याच्या डोक्यावर पिळत होत्या. आणि ज्याचा तो ठेला, त्या छेदीलालला चौघांनी कॉलर धरून भिंतीला दाबलं होतं. पन्नाशीचा वाळका माणूस, हातातून रक्त गळतंय, आणि एकच वाक्य परत परत बोलतोय, "लड़का हिल नहीं रहा था, बाबूजी. हम तो निकाल रहे थे." त्याचं ऐकतंय कोण? तेव्हा मुलं पळवणाऱ्यांच्या अफवांनी शहर पेटलेलं होतं.

समोरच डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी अमेयला पंख्याखाली निजवलं, पाठ ओली केली, आणि तो धड जागा झाल्यावर चमच्याचमच्याने मीठसाखरेचं पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने पोराने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही. डॉक्टर मला म्हणाले, "आणखी दहा मिनिटं गेली असती तर मी काही करू शकलो नसतो." कुमुदताईंनी अमेयला उचललं आणि आम्ही बाहेर रस्त्यावर आलो.

एवढ्यात चौकीवरचा शिपाई आला. त्याने छेदीलालचं मनगट धरलं आणि मला विचारलं, "मैडम, आप कितनी देर अंदर थीं?" परांजपेकाकू माझ्या कानाशी लागल्या, "दोन मिनिटं म्हण. श्रीकांतची सरकारी नोकरी आहे, विसरू नको." आणि मी म्हटलं, "बस दो मिनट. अभी-अभी गई थी." छेदीलालने माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी मान फिरवली.

दोन मिनिटांत मूल बेशुद्ध पडत नाही. म्हणजे हा माणूस दोन मिनिटांत काच फोडून त्याला पळवत होता, दुसरा अर्थच नाही. हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

शिपाई म्हणाला, चौकीवर येऊन जबाब लिहून द्या. मी कुमुदताईंना धरलं. "ताई, तुम्ही येताय ना माझ्यासोबत?"

"येऊन राहिली ना. पण तुझ्या बाजूने नाही. मी त्याची वकील."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "ताई, तुम्ही पाहिलंत ना सगळं? मग तुम्हीच सांगा ना काय ते."

"मी काय पाहिलं? काच फुटलेली ऐकली, अन् खाली आली तर पोर त्याच्या हातात. तू किती वेळ आत होती हे मी घड्याळ लावून पाहिलं नाही. पेपर वाचत होती. जे पाहिलं नाही ते मी कशी सांगणार?"

गंमत बघा, चौकीवर जायला रिक्षा एकच मिळाली. अमेय त्यांच्या मांडीवर, मी शेजारी, आणि पुढे शिपायासोबत चालत चाललेला छेदीलाल. त्या रिक्षात कुमुदताईंनी मला कायदा सांगितला, भाजी निवडावी तशा शांतपणे. "खरं सांगितलं तर तुझ्यावर केस होऊ शकते. कलम तीनशे छत्तीस, हयगयीने जीव धोक्यात घातला. तीन महिन्यांपर्यंत शिक्षा, नाहीतर दंड. मुलांचा वेगळा कायदा आहे, त्यात सहा महिने. आई आहे म्हणून सूट नाही. पोर गेलं असतं तर तीनशे चार अ, दोन वर्षं."

"आणि त्याला?"

"मूल पळवलं म्हणून? सात वर्षांपर्यंत."

"मी काय करू, ताई?"

"ते मी नाही सांगणार. मी त्याची वकील आहे ना गं." असं म्हणून त्यांनी अमेयच्या डोक्यावर पदर धरला. मला त्या क्षणी त्यांचा इतका संताप आला, की रिक्षातून उतरून जावंसं वाटलं. त्यांच्या मांडीवर माझं पोर होतं, म्हणून बसून राहिले.

चौकीत दरोगाजींनी, म्हणजे तिथल्या फौजदारांनी, कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं. माझ्या तोंडात तीच दोन मिनिटं तयार होती. कुमुदताईंनी "एक मिनट, दरोगाजी" म्हणून त्यांना थांबवलं आणि माझ्याकडे वळून मराठीत विचारलं. त्या खोलीत मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच.

"कमरेला काय खोचलंय गं?"

मी खाली बघितलं. पदरात बांधलेली ओटी तशीच खोचलेली होती. भिजवलेल्या हरभऱ्यांनी साडी ओली झाली होती.

"परांजपीण बसवल्याशिवाय ओटी भरते का? पन्हं घेतलं की नाही? नाव घेतलं ते तर मी बाहेर ऐकलं, दोनदा. किती वेळ गेला असेल? तू सांग, मी नाही सांगत."

आवाजात राग नव्हता. आई विचारते तसं विचारलं. भिंतीशी उकिडवा बसलेला छेदीलाल आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होता. त्याला एक शब्द कळत नव्हता आणि त्याचं सगळं त्यावरच अवलंबून होतं. मी दरोगाजींना म्हटलं, "लिखिए. मैं आधा घंटा अंदर थी. बच्चे को मैं भूल गई थी. इस आदमी ने उसे बचाया है."

छेदीलाल सुटला. त्याच्या हाताला कुमुदताईंनी स्वतः पट्टी बांधून आणली, आणि मी त्याच्या पाया पडायला गेले तर तो बिचारा दोन पावलं मागे सरकला, "अरे बिटिया, नहीं नहीं." माझ्यावर केस झाली. कुमुदताईंनी माझी वकिली घेतली नाही. आपण त्याच्या बाजूने उभ्या होतो, आता तुझ्या बाजूने शोभत नाही, असं म्हणून दुसरे वकील दिले. मी गुन्हा कबूल केला. न्यायाधीशांनी दंड केला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद दिली, म्हणजे दिवसभर त्याच खोलीत बाकावर बसून राहायचं. मे महिना, वर कुरकुरता पंखा, येणाराजाणारा विचारतोय की या बाईने काय केलं. त्या दिवशीची आपली सगळी कामं दुसऱ्यांवर सोपवून कुमुदताई माझ्या शेजारी बसून राहिल्या. डब्यातून कैरीची डाळ आणली होती, ती दोघींनी खाल्ली.

संध्याकाळी कोर्ट उठलं. बाहेर पडताना मी विचारलंच, "ताई, मी चौकीत खोटं बोलले असते तर?"

"तर कोर्टात तुला पिंजऱ्यात उभी केली असती, अन् सगळ्यांदेखत तुझं खोटं काढलं असतं."

"आणि मग?"

"मग काय? संध्याकाळी तुझ्या घरी आली असती, पोराला पाहायला."

पुढे आमची बदली झाली. कुमुदताई गेल्याचं परांजपेकाकूंनी फोनवर कळवलं तेव्हा अमेय दहावीत होता. मी रडत होते, म्हणून तो जवळ येऊन बसला. त्याला मराठी सगळं कळतं, बोलतो मात्र हिंदीत. कहाणी त्याला माहीत होती. आमच्या घरात ती श्रीकांतने सांगितलेली आहे, आणि तिच्यात मी लगेच, न घाबरता खरं सांगून टाकलं, असं आहे. श्रीकांतला त्याचा अभिमान होता. रस्त्यावरची माझी दोन मिनिटं जबाबात आलीच नाहीत. परांजपेकाकू त्यावर कधी बोलल्या नाहीत, आणि कुमुदताईंनी तर कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. एवढी वर्षं ती कौतुकं मी मुकाट्याने घेत आले होते.

अमेय म्हणाला, "मम्मी, आप कितनी ब्रेव थीं. कोई और होता तो झूठ बोल देता."

"बोलले होते रे," मी म्हटलं. "आधी खोटंच बोलले होते."