नसलेल्या तारेचा कौल

माझ्या टेबलावर अशी पत्रं नेहमी येतात. कुणाला विहिरीवर बाई दिसते, कुणाला गेलेले काका हाक मारतात... मुंबईतल्या एका दैनिकात मी उपसंपादक आहे आणि ती पत्रं केराच्या टोपलीत टाकणं हा माझ्या कामाचाच भाग. 'दिसलं' असं लिहिणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो — उजेड किती होता? म्हणून माझ्या बाबतीतलं उत्तर आधीच देतो. उजेड भरपूर होता. दुपार होती, देवळात निम्मं गाव बसलं होतं, आणि मी वाद्यापासून हातभर अंतरावर होतो.

बोलपट नुकते सुरू झाले होते तेव्हाची ही गोष्ट. माझा मित्र मधू एका गिरणीच्या ऑफिसात कारकून होता, पण त्याचा जीव गिटारमध्ये. मूकपटाच्या पडद्याखाली बसून वाजवणाऱ्या एका गोवेकर वादकाकडून त्याने ती जुनी घेतली होती आणि त्याच्याकडेच शिकला होता. आता एका बोलपट कंपनीच्या ऑर्केस्ट्रात त्याला जागा मिळत होती. अडचण एकच होती, ती म्हणजे त्याचे वडील, आबा.

मधूचं गाव देवरूखच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत. गावच्या पालखीपुढे ढोल वाजवायचा मान त्याच्या घराकडे. आबांनी दिवाळीत त्याला तोंडावर सांगितलं होतं, "आपल्या घरात वाजवायचां ता देवासाठी. पोटासाठी वाजवायचां तर देवाला इचारायला हवां. तो नाय बोलला, तर ती तुजी तारांची पेटी माळ्यावर टाकायची नि शेतीला लागायचां."

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवाच्या मूर्तीवर दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, एक उजवीकडे, एक डावीकडे. मग गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कोकणात लग्नं, वाटण्या, भांडणं सगळी यावर ठरतात. मधूने आबांचा शब्द मोडला नसता, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. त्याची गिटार आता दोन पाकळ्यांवर होती.

एकटा जाऊ नकोस, म्हणून मी आणि बाळ्या त्याच्याबरोबर निघालो. बाळ्या कॉलेजात सायन्स शिकत होता आणि तबला बरा वाजवायचा. मुंबईहून रत्नागिरीला जाणाऱ्या स्टीमरच्या डेकवर मधूने गिटार काढली आणि जयगड येईपर्यंत खाली ठेवली नाही. माणसं ट्रंका सरकवून भोवती बसली. उलट्यांनी हैराण झालेली एक म्हातारी उठून बसली आणि म्हणाली, "वाजव रे झिला, तू थांबलास की बोट हलते." अख्खा डेक हसला. रत्नागिरीला स्टीमर बंदराबाहेर उभी राहिली तेव्हा होडीवाल्यांनी आम्हाला सगळ्यात आधी उतरवून घेतलं — अट एकच, किनारा येईपर्यंत वाजवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळ्याच्या आग्रहावरून तरीच्या होडीतून खाडी ओलांडून भाट्याला गेलो. तिथे किनाऱ्याच्या टोकाला, खडकांच्या आडोशाला बसून बाळ्याने आपला बेत बाहेर काढला. खिशातून जास्वंद काढली. दोन पाकळ्या ओल्या करून उभ्या खडकावर चिकटवल्या.

"मधू, गिटार खडकाला टेकव आणि ती सगळ्यात जाड तार छेड. जोरात."

मधूने छेडली. खडकातून घुमल्यासारखा आवाज आला आणि दोन्ही पाकळ्या खाली पडल्या.

"व्हायब्रेशन!" बाळ्या ओरडला. "देवळात हेच करायचं."

"लेका, देवाला फसवायला निघालास?" मी म्हणालो.

"फसवणूक कसली, संपादक? देवाला जरा जागं करायचं."

"पण दोन्ही पडल्या. मग तो होकार की नकार?" मधूने विचारलं.

"म्हणजे पुढची तारीख," मी म्हणालो.

बाळ्याने पुन्हा पाकळ्या लावल्या. तार थोडी चढवली तर कदाचित उजवीच पडेल, असं त्याचं म्हणणं. मधूने खुंटी पिळली. बारीक छेडून पाहिलं, आणखी पिळली... आणि तार तुटली. रेशमाचा धागा आणि त्यावरचा तांब्याचा वेढा, दोन्ही उलगडून त्याच्या मांडीवर पडले.

 मधू म्हणाला, "झालं. देवाने ऐकलं."

रत्नागिरीचा बाजार आम्ही पालथा घातला. सतारीच्या तारा मिळाल्या, दिलरुब्याच्या मिळाल्या, पण तेवढी जाड तार कुणाकडेच नव्हती. मधूने तुटलेले तुकडे सोडवून काढले. बाळ्याने त्यांचं वेटोळं करून शर्टाच्या खिशात ठेवलं. पाच तारांची गिटार घेऊन आम्ही देवरूखची मोटार पकडली. तिथून पुढे पायवाट होती. 

देऊळ लहान, कौलारू. दगडी फरशी, मधे लाकडी खांब, कोपऱ्यात खुंटीला टांगलेला ढोल. गाव आधीच जमलं होतं. आबा खांबाला टेकून बसले होते. उंच, वाळलेला माणूस. त्यांनी गिटारकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "हीच का ती?"

"हीच," मधू म्हणाला.

रामा गुरवाने पाकळ्या लावल्या आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा! ह्या तुज्या ढोलाच्या घरातला पोर मुंबैला वाजवून पोट भरायचां म्हणतोय..."

"होय म्हाराजा!" गाव एका आवाजात म्हणालं.

"ता तुज्या मनास येत आसंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

पाकळ्या हलल्या नाहीत. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. पाकळ्या तशाच. माणसं कुजबुजू लागली. आबा उठले. "देव बोलत नाय. नाय बोलला म्हंजे नायच."

तेव्हा मागून एका म्हातारीचा आवाज आला. "अवो, देवाने ता वाद्य आयकलेलांच नाय, तर तो बोलणार काय? आदी वाजवून तर दाखवा!"

लोक हसले. आबा हसले नाहीत, पण पुन्हा खाली बसले. तीच परवानगी.

मधू फरशीवर मांडी घालून बसला आणि त्याने पालखीची चाल धरली — शिमग्यात याच ढोलावर वाजते ती. पाच तारांवर. ढोलाचा मोठा ठोका पडतो तिथे तो एरवी जाड तार छेडायचा. आता तिथे त्याचा अंगठा सवयीने जाई आणि रिकामाच परत येई. चालीत त्या जागी भोक पडल्यासारखं वाटत होतं. मी त्या अंगठ्याकडेच पाहत होतो.

चाल पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. अंगठा रिकाम्या जागी गेला — आणि आवाज आला.

खोल, गोल, लांबणारा. फरशीतून माझ्या मांडीला जाणवला. मधूचा चेहरा पांढरा पडला, पण हात थांबला नाही. पुढच्या ठोक्याला पुन्हा तोच आवाज. तिसऱ्या ठोक्याला उजवी पाकळी सुटली आणि देवाच्या पायाशी पडली. डावी जागच्या जागी होती.

"होय म्हाराजा!" असा गजर झाला की बाहेरच्या फणसावरचे पक्षी उडाले. आबा ताठ उभे राहिले. खुंटीवरचा ढोल काढून त्यांनी गळ्यात घातला आणि मधूच्या चालीवर पहिला ठोका दिला. मग बाप आणि मुलगा वाजवत राहिले. बायका पायरीपर्यंत आल्या, म्हातारे उभे राहून ताल धरू लागले. आबा वाजवता वाजवता मुलाकडे पाहत होते, आणि मधूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी बरेच सत्कार, मिरवणुका कव्हर केल्या आहेत. तशी मिरवणूक पुन्हा पाहिली नाही.

गर्दी ओसरल्यावर मी पायरीवर बसून बाळ्याला म्हणालो, "तुझं बरोबर होतं. चमत्कार वगैरे काही नाही. आवाज घुमला, दगड हादरला, पाकळी पडली. व्हायब्रेशन."

 बाळ्याने शर्टाच्या खिशातून तारेचं वेटोळं काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"कुठल्या तारेचं व्हायब्रेशन, संपादक?"

मग मी माझं काम केलं. गावातल्या माणसांना वेगवेगळं गाठून विचारलं. सगळ्यांनी तो आवाज ऐकला होता. रामा गुरवाला तार तुटल्याचं माहीतच नव्हतं, तरी "तो जाडा आवाज आला नि पाकळी सुटली" हे त्याने स्वतःहून सांगितलं. घंटा घुमली असेल, म्हणून ती वाजवून पाहिली. तिचा आवाज उंच, पातळ. ढोल आपोआप घुमला असेल, म्हणून तो पुन्हा खुंटीला टांगला आणि मधूला गिटार वाजवायला लावली, ढोल गप्प. बाळ्याने जोत्याच्या दगडावर पाकळ्या लावून पाचही तारा एकेक करून छेडल्या. बोटं दुखेपर्यंत. एकही पाकळी पडली नाही. मधूला विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अंगठ्याला तार लागली रे. खरी."

मधू ऑर्केस्ट्रात लागला. मुंबईत परतल्यावर त्याने नवी जाड तार चढवली; ती चांगली वाजते, पण तो आवाज तिला नाही, हे तोच सांगतो.

त्याचा पहिला बोलपट लागला तेव्हा आबा आयुष्यात पहिल्यांदा मुंबईला आले. मध्यंतरात मी त्यांना विचारलं, "आबा, त्या दिवशी तो आवाज कुठून आला?"

"तुला आयकायला आला ना?"

"आला."

"मंग मला कशाला इचारतोस?"

 उजेड भरपूर होता, साक्षीदार होते, पुरावा बाळ्याच्या खिशात होता, आणि तरीही त्या आवाजाचा उगम मला सांगता येत नाही. तसं कबूल करण्यासाठीच हे लिहिलं.

मध्यंतर संपलं, दिवे मालवले. पडद्यावर नायिका गाऊ लागली आणि तिच्या गाण्यामागे मधूची गिटार सुरू झाली. जाड तारेवरचा पहिला ठोका पडला, तसे आबा खुर्चीतून उठून उभे राहिले, दोन्ही हात जोडले, आणि भरल्या थिएटरात खणखणीत आवाजात म्हणाले —

"होय म्हाराजा!"