पडद्यामागची बाजू

नवरा गेल्यावर शिरूरच्या बाजारातला अंडी-कोंबड्यांचा गाळा मी हातात घेतला, तेव्हा तो बुडणार असं सगळेच म्हणाले. बुडाला नाही. इनामगावाकडून माल उचलायचा आणि दौंडच्या रेल्वे बंगल्यांत नेऊन विकायचा. तिथल्या खानसाम्यांशी मी भाव करायला लागले की आवाज फाटकापर्यंत जाई.

दिराला तो गाळा हवा होता. मी भांडून हटत नाही म्हटल्यावर त्याने वेगळीच वाट काढली. दादा गेल्यापासून वहिनीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं पेठेत दारोदार सांगत सुटला. गाळा कुणाकडे राहील ते आता आप्पा ठरवणार होते. आप्पा माझे चुलत सासरे, भावकीत त्यांचा शब्द शेवटचा.

त्याच सुमारास नदीकाठी तंबूचा सिनेमा आला. पुण्या-मुंबईत गाजलेला, बक्षीस मिळवलेला खेळ. मी तोवर एकही सिनेमा पाहिला नव्हता. मधोमध पातळ कापडाचा पडदा. सिनेमा दाखवणाऱ्या यंत्राच्या बाजूला पुरुष, पडद्यामागे बायका.

सिनेमातल्या बाईच्या घरात रोज रात्री कुणीतरी खिडकी उघडी टाकायचं आणि सकाळी घरचे तिलाच विचारायचे, तू का उघडलीस? हळूहळू तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. आमच्या बाजूच्या बायका हळहळल्या, "येडी झाली गं बिचारी."

"येडी न्हाई ती!" मी उठून ओरडले. "तिला येडी करत्यात!"

शेजारणीने पदर ओढून मला खाली बसवलं. शेवटी खिडकी उघडणारा हात दिसला. काळा मोजा घातलेला, तिच्याच नात्यातल्या माणसाचा.

सकाळी आप्पा गाळ्यावर बसले होते. दीर आला.

"काय वहिनी, रात्री तुमचं किंचाळणं पार आम्हा गड्यांच्या बाजूला ऐकू आलं."

"येणारच. त्याचा उजव्या हातातला मोजा बघून तर माझं रक्त उसळलं."

"उजव्या? मोजा डाव्या हातात व्हता."

"उजव्या."

तो आप्पांकडे वळला. "घ्या! साऱ्या गड्यांनी डावा बघितला, ह्यांना उजवा दिसला. मी काय येगळं सांगत व्हतो?"

आप्पांनीही डावाच पाहिला होता.

क्षणभर मलाही स्वतःची शंका आली. मी शेजारणीला हाक मारली. ती म्हणाली, "उजवाच की."

"आता दोघी झाल्या," दीर हसला.

त्या हसण्यानेच माझं डोकं ताळ्यावर आलं. सुरुवातीला पडद्यावर अक्षरं आली होती, ती मला वाचता आली नव्हती. मिशनच्या शाळेत तिसरीपर्यंत शिकलेली मी. परकी लिपी असेल म्हणून सोडून दिलं होतं. परकी कसली? पिठाच्या पिशवीवरचा छाप आतून बघावा, तशी ती उलटी होती.

"आप्पा, आज तुम्ही बायकांत बसायचं," मी म्हटलं.

तंबूवाला ऐकेना. "बायकांत गडीमाणूस? लोक तंबू पेटवतील माझा!"

"आप्पांच्या वयाकडं बघा. आन् उद्यापासनं तुमच्या माणसांना अंडी कोण देतंय, त्येचाबी इचार करा."

आप्पा आमच्यात येऊन बसले, तेव्हा तरण्या सुना तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मोज्याचा हात आला आणि सावकाश खिडकी उघडत राहिला. उजवा. आप्पा उठले, पडद्याच्या खांबाला वळसा घालून पलीकडे गेले. डावा. परत आले. उजवा. मग पलीकडून दिराला दंडाला धरून घेऊन आले आणि बायकांत बसवलं.

"बघ," ते म्हणाले. "हिथनं बघ."

गाळा माझ्याकडे राहिला. आप्पा मला म्हणाले, "सूनबाई, आता सोडून दे."

"न्हाई सोडत," मी म्हटलं. "ज्या ज्या दारात भावजींनी मला येडी म्हणलं, त्या त्या दारात जाऊन म्हणावं, वहिनी शहाणी हाय. मी मागं हुबी राहून ऐकते."

आप्पा दिराला म्हणाले, "पायताण घाल, निघ."

अर्ध्या पेठेपर्यंत तो दारोदार तसं म्हणत गेला आणि मान खाली घालून घरी पळाला. उरलेली दारं अजून बाकी आहेत. समोर आला की मी आठवण करून देते.