चार बोटं वर राहिलेला गज

खानापूरच्या स्टँडवर गाडी उभी होती, पण धुक्यामुळे तिची पाटी दिसत नव्हती. धुकं काय आणि माझे डोळे काय, दोष दोघांनाही देता येईल. मुलगा वसंत दोन वर्षं मागे लागला होता, अप्पा, डोळे दाखवा. मी म्हटलं, मला डुक्कर दिसतं, तेवढं पुरे.

माझ्याकडे एक पिशवी होती आणि एक लांब बोचकं. बोचक्यात गोधडीत गुंडाळलेली माझी ठासणीची बंदूक होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. या बंदुकीत तयार गोळी घालत नाहीत. नळीच्या तोंडातून दारू, मग चिंध्या, मग छरे घालायचे आणि लोखंडी गजाने ठासायचे. घोड्याखाली निपल म्हणून बोटाच्या पेराएवढी नळी असते, तिच्यावर केप (छोटी पितळी टोपी) बसवायची. घोडा केपवर आपटला की बार उडतो. एकदा उडाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आमचं गाव जंगलाच्या काठाला. भात पिकलं की डुकरं उतरतात. शेताच्या राखणीसाठी सरकारने मला परवाना दिला, त्याला चाळीस वर्षं झाली. दसऱ्याला खंडेपूजेत नांगर, कोयता आणि ही, तिघांना एकच हळद-कुंकू.

या वर्षी परवाना नवा करून घ्यायचा होता, आणि बंदूक चालू स्थितीत असल्याचा दुरुस्तीवाल्याचा कागद पाहिजे होता. घोड्याची कमान (स्प्रिंग) ढिली झाली होती. दोनदा घोडा पडला तरी बार उडाला नव्हता. बेळगावचा आमचा मिस्त्री वारला. एसटीडी बूथवरून वसंताला कळवलं, तर तो म्हणाला, "इकडे बेंगळुरूला घेऊन या. इथे दुकानं आहेत." मग हळूच म्हणाला, "आणि अप्पा, जमलं तर तिथेच जमा करून टाका." मी फोन ठेवला. जमा करायला मी जात नव्हतो, दुरुस्त करायला जात होतो.

बंदूक नेण्याचा कागद आठ दिवस आधीच करून घेतला होता. त्यावर लिहिलं होतं की हत्यार रिकामं आहे. खाली माझी सही. मी चौथी शिकलेला माणूस, पण सही मोत्यासारखी करतो.

कंडक्टरने बोचकं पाहून विचारलं, "इदु एनु अज्जा?" (हे काय, आजोबा?)

"कोवी," मी म्हटलं. बंदुकीला कानडीत कोवी म्हणतात. त्याने कागद वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसून म्हणाला, "माझ्यावर रागावू नका मग. सुट्टे पैसे आत्ताच देतो." त्याने स्वतःच बोचकं वरच्या फळीवर ठेवलं. नळीचं तोंड पुढच्या बाकांकडे होतं. हे मला आज आठवतं. त्या दिवशी मी फक्त गोधडी सुटली नाही ना, एवढंच बघितलं.

धारवाड, हुबळी गेलं. हावेरीनंतर झाडी संपली आणि काळी माती सुरू झाली. आमच्याकडे नजर कुठेतरी अडते, इथे अडतच नाही. दावणगेऱ्याला जेवणासाठी गाडी थांबली. बेण्णे दोसे (लोण्याचे डोसे) खाल्ले. लोणी बोटांवरून मनगटापर्यंत आलं. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी त्यांचं लहान मूल माझ्याजवळ देऊन हात धुऊन घेतले. चित्रदुर्गाच्या पुढे खडकच खडक. तुमकूर येईपर्यंत पाठ मोडली, आणि दिवेलागणीला बेंगळुरूची गर्दी सुरू झाली.

वसंत स्टँडवर आला होता. त्याने वाकून नमस्कार केला, पण बोचकं हातात घेतलं नाही.

वसंत राजाजीनगरात भाड्याने राहतो. तो बोम्मसंद्र्याला कारखान्यात आहे. सकाळी कंपनीची गाडी येते आणि संध्याकाळी थकलेला माणूस परत आणून टाकते. घरात सूनबाई आणि सहा वर्षांची नात पल्लवी. खाली घरमालक गणपतराव. त्यांच्या तीन पिढ्या इथेच गेल्या, कापडाचं दुकान आहे. मराठी बोलतात, पण ती कानडीत भिजवून वाळवल्यासारखी.

"या अण्णा, बसा. स्वल्प (थोडी) काफी घ्या," ते म्हणाले. बोचक्याकडे बघून म्हणाले, "आमच्या आज्जांकडे पण होती. हेब्बाळच्या तळ्यावर बदकं मारायचे. ते गेले नि वडिलांनी विकून टाकली."

"का?"

"तळ्याला घरं येऊन भिडली की. मारायचं कुणाला?"

सूनबाईंनी बंदूक आतल्या खाटेखाली ठेवायला लावली. त्याच खाटेवर पल्लवी माझ्याजवळ झोपली.

दुसरा दिवस रविवार. दुपारी वरच्या मजल्यावरचा मंदार आला. तो पुण्याचा, कंप्युटरच्या कंपनीत, पोरगा गोड पण तोंडाळ. त्याच्या हातात इंग्रजी पेपर होता. गणपतरावही येऊन बसले. मंदारने वाचून सांगितलं की दूरच्या एका देशात एका माणसाने बंदुकीने पुष्कळ माणसं मारली. म्हणून तिथलं सरकार सेमी-ऑटोमॅटिक रायफली बंद करणार, लोकांकडून परत घेणार. आणि खेड्यातले शेतकरी चिडून रस्त्यावर आलेत.

"म्हणजे कसली रायफल?" मी विचारलं.

"काका, एकदा भरली की झालं. नुसता चाप ओढत राहायचं, गोळीमागून गोळी."

मी म्हटलं, "मारलं एकाने आणि बंदुका काढून घ्यायच्या सगळ्यांच्या? त्या शेतकऱ्याचा काय गुन्हा? तुमच्या शहरातल्या साहेबाने ठरवायचं, आणि शेत माझं खाल्लं जायचं."

"पण काका, शेतकऱ्याला असली बंदूक कशाला? डुक्कर काय पलटण घेऊन येतं?"

"येतं! वीस-पंचवीस येतात, पिल्लांसकट. तू ये माझ्या शेतातल्या माळ्यावर एक रात्र. पेपर अंगावर घेऊन झाडावर चढशील."

सगळे हसले. गणपतराव म्हणाले, "सरी (बरोबर) आहे अण्णा. पण घरात ठेवायची म्हणजे भीतीच की."

मंदार हट्टी निघाला. त्याने पेपर बाजूला ठेवला. "काका, चुकणारा माणूस गावातही असतो नि शहरातही. त्याची चूक एका गोळीची असावी की तिसाची, एवढंच ते सरकार ठरवतंय."

"माझी एकाचीच आहे," मी म्हटलं. "मग माझ्या मागे का लागता?"

हे मी वसंताकडे बघून म्हटलं. तो समोरच बसला होता. म्हणाला, "अप्पा, तुमचे डोळे आता पूर्वीचे राहिले नाहीत. उद्या काही चुकलं तर?"

चारचौघांत मुलाने असं बोलावं, हे मला लागलं. "चाळीस वर्षांत माझी एक चूक दाखव. एक! गावातल्या पोरांना बंदूक धरायला मी शिकवलंय."

मी आत गेलो आणि गोधडी सोडून बंदूक बाहेर आणली. दस्त्यावर अजून दसऱ्याचं कुंकू होतं. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, पोरीसमोर नको." मी म्हटलं, "पोरीलाच दाखवतो. भीती अशीच जाते." पल्लवीला जवळ घेतलं, दस्ता तिच्या खांद्याला लावला, नळीखाली माझा हात धरला. घोडा मी मागे ओढून दिला.

"आज्जा, कुणाला मारू?"

"जो तुझ्या आज्जाला भितो त्याला."

तिने नळी बापाकडे फिरवली. वसंत कोचावर बसला होता. तो हसला नाही, पण उठलाही नाही. बापासमोर उठला असता तर मी काय म्हणालो असतो ते त्याला ठाऊक होतं.

"ओढ," मी म्हटलं. "रिकामी आहे."

तिने दोन बोटांनी चाप ओढला. घोडा मेल्यासारखा पडला. टक्. पल्लवी टाळ्या पिटू लागली. मंदार म्हणाला, "जिंकलात, काका." मी बंदूक गुंडाळली आणि दुसऱ्यांदा कॉफी मागून घेतली.

सोमवारी वसंत कामावर गेला. गणपतराव मला रिक्षाने जुन्या बाजारातल्या बंदुकांच्या दुकानात घेऊन गेले. शिसवी कपाटं, तेलाचा वास, गिऱ्हाईक एकही नाही. मिस्त्री माझ्याच वयाचा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्याने कागद वाचला, बंदूक आडवी हातावर घेऊन तोलली आणि म्हणाला, "अच्छी रखी है चाचा."

मला बरं वाटलं. त्याने नळीखालचा गज काढला आणि नळीत सोडला.

रिकाम्या नळीत गज बुडाला टेकतो आणि त्याचं टोक नळीच्या तोंडाशी येतं. बार भरलेला असला तर गज चार बोटं वर राहतो. हे मला शिकवायची गरज नाही. गावातल्या प्रत्येक पोराला मी हेच पहिल्यांदा शिकवलं.

गज चार बोटं वर राहिला.

मिस्त्रीने नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं. पुन्हा सोडून पाहिला. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं. "चाचा, ये तो भरी हुई है।"

"शक्य नाही," मी म्हटलं. "रोज पहाटे उरलेला बार ओढ्याच्या दरडीत उडवून मगच घरी येतो मी."

त्याने वाद घातला नाही. घोडा जपून मागे घेतला आणि अंगठ्याच्या नखाने खालून काहीतरी उचललं. माझ्या तळहातावर ठेवलं. ती केप होती. काळी पडलेली. निपलावर अशी घट्ट बसली होती की माझ्यासारख्याला निपलच वाटावी. मी ती डोळ्यांजवळ नेली. मग बोट फिरवलं. वर घोडा आपटल्याचा खड्डा पडला होता.

"कमान ढिली आहे म्हणून उडाली नाही," मिस्त्री हिंदीत म्हणाला. "मी दुरुस्त केल्यावर कुणी चाप ओढला असता, तर उडाली असती."

गणपतरावांनी मला स्टुलावर बसवलं. त्यांनी रविवारचा प्रसंग पाहिला होता, त्यांना काही सांगावं लागलं नाही. मिस्त्रीने स्क्रूसारख्या सळीने चिंध्या ओढून काढल्या आणि छरे थाळीत ओतले.  पोरीने टाळ्या पिटल्या होत्या.

मग सगळं आठवलं. निघायच्या आदल्या रात्री मी माळ्यावर होतो. बंदूक ठासून केप लावून बसलो. डुकरं आलीच नाहीत. पहाटे धुकं पडलं, गाडी चुकेल म्हणून ओढ्याकडे न जाता थेट घरी आलो. चाळीस वर्षं रोज करतो म्हणून त्या दिवशीही केलं असं मनाने धरून टाकलं. अंधारात गोधडी गुंडाळली. केप डोळ्यांना दिसली नाही, आणि बोटाने चाचपून बघायचं सुचलं नाही.

"दुरुस्त करू ना?" मिस्त्रीने विचारलं.

"नको. ठेवून घ्या. परवाना पण घ्या. जमा करायचे कागद काढा."

कागदावर सही केली. ती सही मोत्यासारखी आली नाही. गज तेवढा परत मागितला. मिस्त्री म्हणाला, गजाला परवाना लागत नाही.

परतताना रिक्षात गणपतराव म्हणाले, "अण्णा, घरी सांगायची गरज नाही. मी पण बोलणार नाही." त्यांचं मन चांगलं. पण मंदारसमोर मी जिंकलो होतो, आणि ते तसंच ठेवून गावाला जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. संध्याकाळी वसंत आला, हातपाय धुऊन बसला. मी केप त्याच्या समोर ठेवली आणि जे झालं ते सांगितलं. त्याने केप हातात घेतली, खड्ड्यावर बोट फिरवलं. सूनबाईंनी पल्लवीला उचललं, आत नेलं आणि दार लावलं.  

केप खाली ठेवून वसंत म्हणाला, "पल्लवीला कधी सांगू नका, अप्पा."

"तू उठला का नाहीस तिथून?"

"तुम्ही रिकामी आहे म्हणालात ना," तो म्हणाला.

दोन दिवसांनी डोळे दाखवून मी निघालो. परतीच्या गाडीत बोचकं नव्हतं, गोधडी मांडीवर आणि गज तिच्यात. माझ्यापुढच्या बाकावर एक जोडपं पोराला मांडीवर घेऊन झोपलं होतं. तुमकूरपासून धारवाडपर्यंत मी त्या तिघांच्या डोक्यांच्या मागच्या बाजूकडे बघत बसलो. दावणगेऱ्याला उतरलो नाही.

त्या दूर देशातल्या शेतकऱ्यांचं खरं की सरकारचं, हे मला अजून ठरवता येत नाही. डुकरं त्यांच्याकडेही असतील. मंदारने एका गोळीचा आणि तिसाचा हिशेब घातला होता, तो त्याच्या जागी बरोबर असेल. माझ्या घरात एकच पुरली असती.

गावात पोचलो तर शेजारचा भैरू ओट्यावर. "अप्पा, बंदूक कुठं?" मी सरळ त्याच्या घरात शिरलो. खुंटीवरची त्याची बंदूक काढली आणि माझा गज नळीत सोडला.

चार बोटं वर राहिला.

"असू दे की," भैरू हसत म्हणाला. "बार फुकट कशाला घालवायचा? केप तर लावलेलीच नाही. तुमच्यासारखा रोज ओढ्यात उडवणं परवडत नाही, बाकी तुम्ही शिकवलं तसंच करतो आम्ही."

मी नखाने घोड्याखाली चाचपू लागलो.