पोतारलेल्या भिंतीवरचा शिक्रा

वहिनी गेल्याचा निरोप मालेगावला आला तेव्हा मी शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेत होतो. आमच्या गावाहून, किन्हीराजाहून आलेला आमचा गडी दारातच थबकला. "चाला मास्तर, वहिनी गेल्या," एवढंच म्हणाला. साधा हिवताप, आणि असं धडधाकट माणूस बघता बघता नाहीसं... खरं सांगतो, मला दुःखाच्या आधी राग आला.

माझ्या थोरल्या भावाशी लग्न होऊन वहिनी आल्या, त्याच दिवाळीला त्यांनी स्वयंपाकघराची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारली आणि तिच्यावर कोळशानं अन् गेरूनं एक पक्षी काढला. चित्रात त्याच्या पाठीमागे आमचा भाजीचा मळा, विहीर, लांबची टेकडी. गावातल्या बायका मोर-पोपट काढत. वहिनींनी काढला शिक्रा, आमच्या विहिरीवरच्या निंबावर बसायचा तोच. आई तेव्हा होती. ती म्हणाली, "घरात शिकारी पाखरू कायले? मोर काढ की." वहिनी म्हणाल्या, "मोर माह्या मिरचीची रोपं खाते, अन् त्याचंच चित्र काढू? हा उंदरं तरी धरते." चित्र मात्र साफ फसलं होतं. दादा पोट धरून हसला, "शिक्रा कुठी? कोंबडी हाये हे!" वहिनींनी शांतपणे हात धुतले. "हसा. माती हाये, कोळसा हाये. पुढच्या दिवाळीले पाहू."

मग दर दिवाळीला जुना शिक्रा मातीखाली जायचा आणि नवा बसायचा. एका वर्षी मान साधली, एका वर्षी पंजे. मोट सुटली की वहिनी बांधावर बसून निंबाकडे बघत राहायच्या, भाकर तशीच हातात. लढाईच्या दिवसांत नीळ मिळेना, तेव्हा चित्रातलं आभाळ कोरंच राहिलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "आभाळ महागलं, भाऊजी." अलीकडे तर त्या शिक्र्याच्या नजरेला नजर देऊन जेवणं मला अवघड जायचं.

यंदाही दिवाळी आली. शिक्रा चुलीच्या धुरानं काळवंडला होता, पण वहिनींच्या हातचा तो शेवटचा. मी दादाला म्हटलं, एवढी भिंत राहू दे. शेजारच्या काकूही म्हणाल्या, "दुखवट्याच्या वर्षी भिंती नसतात रंगवत." दादा चुलीपासून उठला आणि घमेल्यात माती कालवू लागला.

"सण न्हाई करून राह्यलो, काकू. पण तिनं जुना शिक्रा कधी ठेवला न्हाई. मी कायले ठेवू?"

मातीचा पहिला हात पंखांवरून फिरला तेव्हा मला पाहवलं नाही. भिंत वाळल्यावर दादानं कोळसा उचलला. जन्मभर बैलाचा कासरा धरलेला तो हात. दुपारभर खपून त्यानं पक्षी काढला, आणि तो पाहून मला रडता रडता हसू फुटलं.

"कोंबडी झाली ना बे?"

"झाली."

दादानं हात धुतले. "होऊ दे. माती हाये, कोळसा हाये. पुढच्या दिवाळीले पाहू."