वन्संच्या मुलाचा निकाल

आमच्या वहिनीचं पोट लोकांच्या पोरांच्या शीवर चालतं, असं मी चारचौघांत म्हणतो आणि तिच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या दादाचा, मार खाता खाता वाचतो. खोटं मात्र काही नाही. अचानक पाय लुळा पडलेल्या मुलांच्या शीचे नमुने बर्फाच्या डब्यांतून तिच्या प्रयोगशाळेत येतात. ती ते जिवंत पेशींच्या बाटल्यांत घालते. पेशी मरायला लागल्या, की विषाणूचा संशय. पोलिओचा निघाला, तर खरी कटकट पुढेच: हा मूळचा रानटी, की लशीतून निघून बदललेला? त्याची जनुकं अक्षर अक्षर लावून लशीतल्या विषाणूशी ताडून बघायची. एवढं करून बाई घरी येते आणि मुकाट्याने भाजी निवडत बसते. "आज काय निघालं?" विचारलं, तर म्हणते, "कंटाळा."

यंदा आमच्याच ताईच्या मुलाचा नमुना आला. पोलिओच्या थेंबांनीच पोरं लुळी पडतात, असं कुणीतरी ताईच्या कानात भरलं होतं आणि तिने दोन्ही पोरांना एकही डोस दिला नव्हता. वहिनीचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. नात्यातला नमुना म्हणून वहिनीने तो प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या बाईंकडे दिला. निकाल आला: लशीतून निघालेला, बदललेला.

ताई आमच्या स्वयंपाकघरात येऊन ओरडली, "बघितलंस? बोंबलून सांगत होते मी! लशीचाच निघाला!"

तिच्या कडेवर धाकटी लेक होती. मला ताईचा इतका राग आला की मी उठलोच. वहिनीने हाताने मला बसवलं.

"वन्सं, लशीतला विषाणू दुबळा असतो," ती म्हणाली. "पण ज्या वस्तीत बरीच पोरं थेंबांवाचून राहतात, तिथे तो एकातून दुसऱ्यात फिरत राहतो. फिरता फिरता बदलतो आणि पाय धरतो. हा तसाच आलाय."

"म्हणजे माझ्यामुळे?"

वहिनी, आज एकदा खोटं बोला, मी मनात म्हटलं.

वहिनीने डोळे मिटून घेतले. फार दमलेली होती ती. "तुमच्या एकटीमुळे नाही. पण डोस दिले असते, तर पाय बहुतेक वाचला असता. धाकटीला उद्याच द्या."

ताई धाकटीला घेऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने धाकटीला थेंब पाजले, उरलेले डोसही पुढे वेळेवर दिले. पण त्यानंतर ती आमची पायरी चढलेली नाही. दादा बहिणीसाठी झुरतो आणि वहिनीशी कामापुरतंच बोलतो.

परवा मी चिडून विचारलं, "खरं बोलून काय मिळालं तुम्हाला?"

वहिनी दादाच्या शर्टाची घडी घालत होती.

"धाकटीचे पाय, भाऊजी," ती म्हणाली.